खालच्या पाइपावरचं टिंब

मी खिशातून रुपया काढला आणि घाटगे सरांच्या दिवाणावर ठेवलेल्या काळ्याभोर फ्रेमवर वाजवायला लागलो. टक्, टक्, टक्.

“मगदूम, नारळ आहे काय ओ तो?” सर म्हणाले.

“नारळ तरी न वाजवता कोण घेतंय?”

पद्मजानं कपाळाला हात लावला. पद्मजा माझी मुलगी, सतरा वर्षांची, आणि घाटगे सर तिचे सायकलिंगचे कोच. फ्रेम कार्बनची होती. पुण्याच्या कुणा रेसरनं विकायला काढलेली, सरांच्या ओळखीतली. दोन बोटांवर उचलावी इतकी हलकी. ‘एकदासुद्धा पडलेली नाही’ असं सरांनी मी आल्यापासून तीनदा सांगितलं होतं. एकदाच सांगितलं असतं तर मी कदाचित नाणं काढलंच नसतं.

सीटच्या खाली, जिथं दोन पाइप मिळतात तिथं, आवाज बदलला. टक् जाऊन थप् यायला लागलं. मी तिथला स्टिकर नखानं उचकटला. खाली केसाएवढी रेघ होती.

“हे काय?”

“रंगाचा ओरखडा असेल,” सर म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला होता.

“ओरखडा झाकायला कुणी स्टिकर लावत नाही, सर.”

बाहेर आल्यावर पद्मजा माझ्या दोन पावलं पुढं चालत होती. कोपऱ्यावर वळल्यावर म्हणाली, “सरांना माहीत नव्हतं, अण्णा.”

“तुला कुणी सांगितलं?”

“चेहरा बघितला की मी त्यांचा.”

“चेहरा काय, मीही करून दाखवतो. कुणावर विश्वास ठेवायचा नसतो, एवढं ध्यानात ठेव.”

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात, शिरोलीच्या एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला होतो. दिवसभर समोर माल यायचा आणि त्यात खोट शोधायची, हेच माझं काम. खोट सापडली नाही की मला चैन पडायचं नाही. घरीही तीच गत. माझी बायको म्हणायची, “यांच्या दारात देव आला तरी हे आधी रेशनकार्ड बघतील.” मी म्हणायचो, बघणारच. देवाच्या नावावर किती जण जेवून जातात.

तर फ्रेम. पद्मजाचं ज्युनिअर गटातलं ते शेवटचं वर्ष. मार्चमध्ये साताऱ्याजवळ राज्य स्पर्धा होती आणि पहिल्या चौघी राज्याच्या संघात जाणार होत्या. ती संधी हुकली की पुढं मोठ्या बायकांच्या गटात, तिथं हिला कोण विचारतंय? पोरगी चौथी यायच्या लायकीची नक्की होती. अडचण सायकलीची होती. क्लबची ॲल्युमिनियमची सायकल तिला एक माप मोठी पडायची. आमच्या रस्त्यांवर खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट कमरेत. चाळीस किलोमीटरनंतर ती पाठीत वाकायची आणि मागं पडायची. घरी आली की फरशीवर उताणी पडून राहायची, पण एकदाही म्हणाली नाही की नको मला हे.

नवीन ॲल्युमिनियमची फ्रेम बघायला आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, चिमटासुद्धा ॲल्युमिनियमचा आहे. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग. मी लोहचुंबक काढलं. चुंबक चिमट्याला असं चिकटलं की काढताना दोन्ही हात लागले. दुकानदार म्हणाला, “साहेब, तुम्ही सीआयडीत आहात काय?”

मग पद्मजानंच दानू मिस्त्रींचं नाव काढलं.

दानिएल आवळे मिरजेचे. दवाखान्यांच्या रस्त्यामागं त्यांची पत्र्याची शेड होती आणि तिथं ते व्हीलचेअर बनवायचे. साठीचा माणूस, बारीक, हाताला जळल्याचे डाग. तरुणपणी सायकलींच्या फ्रेमा बनवल्या होत्या, पण गिऱ्हाईक संपलं तसं ते खुर्च्यांकडं वळले. पद्मजाच्या सायकलीचा वाकलेला भाग त्यांनी एकदा सरळ करून दिला होता आणि तेव्हाच सांगितलं होतं, पोरी, ही सायकल तुझी न्हाई, कुणा उंच गड्याची हाय.

आम्ही गेलो तर त्यांनी आधी टेप घेतली आणि शिंप्यासारखी तिची मापं घेतली. पाय, हात, खांदा. मग आतून एक लांबडं गाठोडं आणलं. तेलकट वर्तमानपत्रात गुंडाळलेले स्टीलचे पाइप होते.

“परदेशी हायेत,” मिस्त्री म्हणाले. “पंधरा वर्सं झाली. एका रेसरनं मागवलं आन् त्योच गाव सोडून गेला. कुणीतरी येईल म्हणून ठेवलंय.”

पंधरा वर्षं कुणी नेलं नाही म्हणजे काहीतरी कारण असणार. मी विचारलं, “लोखंडाची सायकल जड नाही का होणार? सगळी दुनिया कार्बनकडं चाललीय.”

“जाऊ द्या की. कार्बन चांगलाच हाय. खरं त्यो आतनं फुटला तर सांगत न्हाई. एकदम जातोय, मान्साला घेऊनच. ॲल्युमिनियम हलकं, पर ते दणका गिळत न्हाई, हिच्या कमरंत पाठवतंय. ह्यो पाइप बगा. दोन्ही टोकं जाड, मध्ये कागदावानी बारीक. जोड जिथं हाय तिथं ताकद पायजे, मध्ये कशाला वजन वागवायचं? आन् स्टील मोडायच्या आदी कुरकुरतं. मान्साला उतरायला सवड देतं.”

मी पाइप हातात घेऊन फिरवला. बाहेरून टोकापासून टोकापर्यंत सारखा. मध्ये बारीक आहे हे दिसणार कुठून? असली जादू मी पुष्कळ ऐकली होती. ‘आतून वेगळं आहे’ हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा म्हटलं तो फसवणाराच असणार, असं माझं मत.

“मी हे चार दिवस घेऊन जातो,” मी म्हटलं. “आमच्याकडं मायक्रोमीटर आहे, मोजून बघतो.”

“अण्णा!” पद्मजा म्हणाली.

“न्हेऊ द्या की,” मिस्त्री हसले. “मोजून घेनारा मानूस बरा. कदर असती त्येला.”

फौंड्रीत मी पाइपांची टोकं मोजली. मध्यभाग मोजायला मायक्रोमीटर आत कसा जाणार? टोकं नऊ दशांश मिलिमीटर जाड भरली. माल चांगला होता, त्यात वाद नव्हता. पण मग दुसराच किडा डोक्यात वळवळायला लागला. माल चांगला आहे, तर म्हातारा हाच लावेल कशावरून? चांगला दाखवायचा आणि लावताना बाजारातला लावायचा. रंग दिल्यावर कोण ओळखणार?

आमच्यात तपासलेल्या मालाला पंच मारायची पद्धत असते. टोकदार पोलादी हत्यार टेकवायचं, हातोडीचा एक ठोका द्यायचा, की मोहरीएवढं टिंब उठतं. ते टिंब असलं म्हणजे माल मी बघितलेला, कुणी बदललेला नाही. मी ते हजारो वेळा केलं होतं. शितावरून भाताची परीक्षा, म्हणून सगळ्यांत मोठा पाइप घेतला, हँडलपासून पायडलपर्यंत तिरका खाली जातो तो. टोकाला मारून उपयोग नव्हता, टोकं कापली जाणार आणि जोडात झाकली जाणार. म्हणून मध्याच्या जरा वर, खालच्या अंगाला, हळूच एक ठोका दिला.

टिंब मला वाटलं होतं त्यापेक्षा खोल गेलं. हातोडीला नेहमीचा टणकपणा लागला नाही. मी म्हटलं, हात जड पडला असेल. पाइप काट्यावर ठेवला तर वजनही हिशोबापेक्षा कमी आलं. मी म्हटलं, काटा बिघडलाय. म्हाताऱ्यानं सांगितलेलं खरं असेल हे एवढं एकच मनात आलं नाही बघा.

पाइप परत दिले. पुढच्या रविवारी मी एकटाच शेडमध्ये गेलो. पद्मजा सरावाला गेली होती. मिस्त्री पाइप फडक्यानं पुसत होते. अंगठा एका जागी थांबला. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पाइप दाराच्या उजेडात धरला.

“इन्स्पेक्टर साहेब, हितं टिंब हाय.”

मी जवळ जाऊन बघितल्यासारखं केलं.

“कंपनीचा शिक्का असला तर भ्या न्हाई. त्यो ठरवून मारल्याला असतोय. खरं मागनं कुणी ठोकलं असंल तर ह्यो पाइप मी लावणार न्हाई. माज्याकडं दुसरा हाय, हितलाच. दीडपाव वजन वाढंल, बास. तुमच्याकडं चार दिस हुता. कुणाचा हात लागला काय?”

दीडपाव. एवढंच होतं बघा. पण खरं सांगायचं तर त्याबरोबर दुसरंही सांगावं लागणार होतं, की तुम्ही माल बदलाल म्हणून खूण केली. साठ वर्षांच्या माणसाला, त्याच्याच शेडमध्ये, तोंडावर. माझी जीभ रेटेना.

“नाही,” मी म्हटलं. “आमच्याकडं कुणाचा हात लागत नाही.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता उलट तपासणी होणार. मी असतो तर केली असती.

“मग बास,” ते म्हणाले. “तुमी बगितलं नसतं आसं हुयाचं न्हाई. असंल कंपनीचंच.” आणि कानस उचलून कामाला लागले.

जोडणीच्या दिवशी त्यांनी खिडक्यांना पोती लावली आणि दार ओढून घेतलं. भर दुपारी. मी बाहेर बाकड्यावर. दार लावून करायचं असं काय काम असतं? मी फटीतून डोळा लावला. आत निळी ज्योत आणि म्हाताऱ्याची पाठ. तेवढ्यात ओरडा आला, “सावली हालतीय, बाजूला व्हा! उजेडात लोखंडाचा रंग कळत न्हाई. लाल किती झालं ते दिसल्याबिगर जोडात पितळ कवा सोडायचं?”

मी बाजूला झालो, पण मनात म्हटलं, बघू. संध्याकाळच्या आत फ्रेम बाहेर आली. रंग व्हायचा होता. मी सहज केल्यासारखा खाली हात घातला आणि बोटानं चाचपलं. टिंब होतं. माझाच पाइप. जीव भांड्यात पडला. मी इतका खूश झालो की मिस्त्रींना चहा पाजला, आणि तेही खूश झाले की इन्स्पेक्टरनं माल पास केला.

पद्मजा त्या सायकलीवर बसली आणि ओरडलीच, “अण्णा, पाठीला काही लागतच नाही!” पाच आठवडे तिनं ती दामटली. पन्हाळा चढली, उतरली, जोतिबाचा घाट केला. पोरगी फरशीवर पडायची थांबली. घाटगे सरसुद्धा म्हणाले, मगदूम, म्हाताऱ्यानं कमाल केली. मला मात्र सरांच्या बोलण्यात कमिशनचा वास आला. विचारलं नाही, एवढंच.

स्पर्धेच्या दिवशी दानू मिस्त्री व्हीलचेअर पोचवायच्या छोट्या टेम्पोतून मिरजेहून साताऱ्यापर्यंत आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. शेवटच्या रेषेपाशी घाटगे सर, मिस्त्री आणि मी, असे तिघं उभे. पन्नास किलोमीटरची शर्यत. मधून निरोप आला की पुढच्या पाच जणींत पद्मजा आहे. मिस्त्रींनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

पहिल्या तिघी आल्या. मग एक आली. ती पद्मजा नव्हती. मग बाकीच्या आल्या, सगळ्या. 

ती शर्यतीच्या मागून येणाऱ्या गाडीतून आली. धडधाकट होती, कुठं खरचटलंही नव्हतं. सायकल गाडीच्या टपावर. खालचा तिरका पाइप मध्यात तोंड वासून होता.

“दहा किलोमीटर राहिले होते,” ती म्हणाली. “मी तिसरी होते. कुरकुर यायला लागली. हँडल डगमगायला लागलं म्हणून उतरले. उतरले आणि पाइप गेलाच.” एवढं बोलली आणि तोंड झाकून रडायला लागली. सतरा वर्षांच्या पोरीचं ते रडणं. मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचं धाडस होईना.

घाटगे सर मात्र भडकले. लोकांदेखत मिस्त्रींना वाट्टेल ते बोलले. “खुर्च्या करणाऱ्या माणसाच्या नादी लागलो आम्ही! पोरीचं वर्ष घालवलंत! पंधरा वर्षांचं गंजकं लोखंड खपवलंत तिच्या गळ्यात!”

मिस्त्रींनी सायकल खाली घेतली, पांढऱ्या सदऱ्यानिशी धुळीत मांडी घालून बसले आणि खिशातल्या ब्लेडनं फुटलेल्या जागेचा रंग खरवडायला लागले. बराच वेळ खरवडलं. मी वर उभा राहून बघत होतो. दोन्ही बाजूंनी गेलेली चीर बरोब्बर त्या टिंबातून निघाली होती.

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग सरांकडं वळले.

“चूक माजी हाय,” ते म्हणाले. “ह्या जागी टिंब हुतं. मी बगितलं हुतं. पाइप लावायला नको हुता.”

“बघून लावलात?” सर ओरडले.

“व्हय. बगून लावला.”

पद्मजाचं रडणं थांबलं. तिनं मिस्त्रींकडं असं बघितलं, जसं मी माणसांकडं बघतो. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि डोळे पुसत म्हणाली, “अण्णा, तुमचंच खरं. मी उगाच भांडत होते तुमच्याशी. कुणावर विश्वास ठेवायचा नसतो.”

बावीस वर्षांत मला माझ्याच बोलण्याची इतकी भीती दुसऱ्यांदा वाटलेली नाही. गप्प बसलो असतो तर सगळं निभावलं असतं. मिस्त्रींनी ओझं उचललंच होतं. पोरगी माझी होती, कधी नव्हे ती माझ्या बाजूची झाली होती.

“ते टिंब मी मारलं,” मी म्हणालो.

तिला कळलंच नाही. “कसलं टिंब?”

“पंच. फौंड्रीत. पाइप मोजायला नेला होता ना, तेव्हा.”

“कशाला?”

“मिस्त्री पाइप बदलतील म्हणून. खूण म्हणून.”

 मिस्त्री उठले, सदरा झाडला आणि म्हणाले, “जाऊ दे पोरी. झालं गेलं.”

पण पद्मजा माझीच मुलगी. मूळ सापडेपर्यंत सोडायची नाही.

“मिस्त्रींना दिसलं होतं टिंब,” ती सावकाश म्हणाली. “मग त्यांनी तुम्हाला विचारलं नाही?”

“विचारलं.”

“जाऊ दे म्हंतोय न्हवं,” मिस्त्री म्हणाले.

“मग तुम्ही काय सांगितलंत, अण्णा?”

“कुणाचा हात लागला नाही म्हणून सांगितलं.”

“आणि त्यांनी ते खरं मानलं?”

मी होय म्हणून मान हलवली.

ती उठली, सायकलीचं पुढचं टोक धरलं. मिस्त्रींनी मागचं धरलं. दोघांनी मिळून सायकल टेम्पोत चढवली. सर कुणाशीतरी बोलायला म्हणून निघून गेले. पद्मजा पुढच्या सीटवर मिस्त्रींच्या शेजारी जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. मी धुळीत उभा. 

मिस्त्रींनी इंजिन चालू केलं, मग बंद केलं, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “या इन्स्पेक्टर साहेब. मागं जागा हाय.”

मी पाऊल टाकलं. पद्मजा समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत होती.

“त्यांना एसटी मिळेल,” ती मिस्त्रींना म्हणाली. “तुम्ही चला.”